सेलची वाट बघतोयस, त्याआधी हे बघ

नवा पीसी जुळवलास, छान. दिवाळीच्या सेलची वाट बघतोयस तेही ठीक, पण गाड्यांचे गेम घेणार असशील तर फार थांबू नकोस. त्यातल्या खऱ्या गाड्या आणि गाणी मुदतीच्या परवान्यावर असतात. मुदत संपली की गेम विक्रीतून जातो. ‘फोर्झा होरायझन ४’ १५ डिसेंबर २०२४ला असाच गेला. आधी घेतलेल्यांच्या स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानातल्या लायब्ररीत मात्र तो आहे, पुन्हा डाउनलोडही होतो. त्यामुळे नुसती विक्री थांबली म्हणून घाबरू नकोस.

खरी भीती कंपनीच्या सर्व्हरची. ‘द क्रू’ हा गाड्यांचा गेम एकट्याने खेळायलाही नेट लागायचं. ३१ मार्च २०२४ला सर्व्हर बंद झाले आणि पैसे मोजलेल्यांच्या हाती काही उरलं नाही. मला हे अजिबात पटत नाही. सतत नेट लागणाऱ्या गेमला पूर्ण किंमत देऊच नकोस.

जीव लावलेला गेम गॉगवर, म्हणजे कॉपीबंदीचं कुलूप न लावता गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, असेल तर तिथूनच घे. ऑफलाइन इन्स्टॉलरचे (नेटशिवाय गेम बसवणाऱ्या फाइलचे) सगळे भाग उतरवून बाहेरच्या हार्डडिस्कवर ठेव, आणि एकदा नेट बंद करून इन्स्टॉल होतो का ते तपास. पावसाळ्यात कृष्णेला पाणी वाढलं की सांगलीत नेटचा काय भरवसा!