मुलांच्या अडचणी घेऊन येणाऱ्या पालकांचा विश्वास थेरपिस्ट कसा मिळवतात?

तुम्ही लिहिलंय की लवकरच तुमची इंटर्नशिप सुरू होतेय आणि 'पालक मोकळेपणी बोलत नाहीत' असं सीनियर सांगतात. मी थेरपिस्ट नाही, टेबलाच्या अलीकडे बसलेली आई आहे. का बोलत नाहीत ते मला चांगलं माहीत आहे.

मुलगी साडेचार वर्षांची असताना शाळेतून निरोप आला की सहा महिन्यांत ही एक शब्द बोललेली नाही. घरी तर तिची बडबड थांबायची नाही. कुणाला खरं वाटेना, म्हणून मी फोनवर व्हिडिओ काढला. दोन मिनिटांचा, बाहुल्यांना रांगेत बसवून ती त्यांना रागावतेय. पहिल्या थेरपिस्टांपुढे मी फोन धरला. ते फॉर्म भरत होते. मान वर न करता विचारलं, "तुम्ही नोकरी करता ना? मग मुलीकडे कोण बघतं?" पाच मिनिटांत निकाल लागला : लाडाने हट्टी झालीय, तीन महिन्यांत बोलती करतो. मी फोन पर्समध्ये टाकला. पुढच्या चार सेशन्समध्ये मी "हो" आणि "बरं" यापलीकडे काही बोलले नाही.

हा सिलेक्टिव्ह म्युटिझम : घरी बोलणारं मूल शाळेसारख्या ठिकाणी बोलूच शकत नाही. १९९४ पर्यंत डीएसएममध्ये, म्हणजे मानसिक विकारांच्या अमेरिकन निदान-पुस्तकात, त्याचं नाव 'इलेक्टिव्ह' म्युटिझम होतं, म्हणजे मूल ठरवून गप्प बसतं. २०१३ पासून तो चिंतेच्या विकारांत धरतात. हट्टाचा शिक्का पुस्तकातून गेला, तोंडातून गेला नाही. आयांवर खापर फोडायची सवय तर जुनीच. आई थंड असते म्हणून मुलाला ऑटिझम होतो, असं ब्रूनो बेटलहाइमसारखे नावाजलेले तज्ज्ञ ठणकावून सांगत. १९६४ मध्ये त्या समजुतीविरुद्ध पुस्तक लिहिलं बर्नार्ड रिमलँड यांनी. ते मानसशास्त्रज्ञ होते, आणि अशा एका मुलाचे वडीलही.

नंतर गेलो त्या दुसऱ्या थेरपिस्ट मॅडमनी व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला. मग मागे घेऊन परत बघितला आणि म्हणाल्या, "इथे ती आवाज बारीक करून दाराकडे बघते. कोण आलं होतं?" शेजारी आले होते. मी तो व्हिडिओ पन्नास वेळा पाहिला असेल, माझ्या हे लक्षात आलं नव्हतं. "हे का होतंय ते मला आज सांगता येणार नाही. तुम्ही आणखी काय काय टिपलंय?" असं त्यांनी विचारलं, आणि मी पाऊण तास बोलत होते.

पुढे दार किलकिलं ठेवून मी आत मुलीशी खेळायचे आणि मॅडम बाहेर थांबायच्या. मग आत, पण पाठमोऱ्या. मग हळूहळू जवळ. तिला प्रश्न विचारायचा नाही, हा नियम. एकदा त्यांच्या तोंडून प्रश्न गेलाच आणि मुलगी मिटली. पुढच्या आठवड्यात बसायच्या आधी त्या म्हणाल्या, "मागच्या वेळी मी घाई केली." माझा विश्वास बसला तो त्या दिवशी.

तुमच्या अभ्यासात मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बोर्डिन असतीलच. थेरपिस्टशी नातं जुळायला त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या : ध्येयावर एकमत, करायच्या कामांवर एकमत आणि जिव्हाळा. जिव्हाळ्याचं नंतर बघा. पहिल्या थेरपिस्टांचं ध्येय होतं तिला बोलती करणं. माझं एवढंच होतं, की तिला शाळेत शू लागली तर कुणाला तरी कळावं. ती दिवसभर दाबून धरायची. मॅडमनी आधी तेच केलं, बाईंना दाखवायचं एक कार्ड तिला दिलं.

मॅडमनी कारण सांगितलं नाही, यावरून घरात मोठं भांडण झालं. नवरा म्हणे, "कारण सांगता येत नाही त्यांना फी कशाला? पहिले ठाम तरी बोलायचे." ठाम बोलण्यावर विश्वास ठेवायचा नसतो, हे मी त्याला आजही सांगते. शाळेतलं पहिलं वाक्य यायला चौदा महिने लागले, तीन नाही. पण त्याला सगळं माझ्या तोंडून, तेही अर्धवट कळायचं. म्हणून वडिलांना पहिल्याच दिवशी बोलवा. "त्यांना वेळ नाही" हे आईच्या तोंडून ऐकून सोडू नका, स्वतः फोन करा. आमच्याकडे तो सहाव्या सेशनला आला, तिच्यासोबत जमिनीवर बसला, आणि फीचा विषय त्यानंतर निघाला नाही.

पालक म्हणतील ते सगळं खरं, असं मी म्हणत नाही. घरात मुलाला इजा होत असेल तर पालक दुखावले तरी चालतील. अशी गोष्ट गुप्त ठेवता येणार नाही हे पहिल्या भेटीतच सांगून टाका. आणि पहिल्या थेरपिस्टांच्या दाराबाहेर त्या दिवशी आणखी सात जण थांबले होते, तेही मी पाहिलंय. पण व्हिडिओ दोनच मिनिटांचा होता.