अडई बघायची तर घाई नको

गोव्यातल्या करमळीच्या तळ्यावर पहिल्यांदाच जातोयस ना, मग बदकांच्या मोठ्या यादीमागे लागू नकोस. फक्त अडई, म्हणजे ते शीळ घालणारं बदक, नीट बघ. पाहुणी नव्हे, बारमाही इथलीच.

दिवसा ती बहुतेक झोपाच काढते. पाणवनस्पतींच्या कडेला तपकिरी ढेकळांची रांग दिसली की दुर्बीण स्थिर धर. एखादं ढेकूळ मान वर काढेल, डोळ्याभोवती बारीक पिवळं कडं दिसेल. नर-मादी सारखेच, तेव्हा ओळखायच्या भानगडीत पडू नकोस. खरी मजा तिन्हीसांजेला. थवा चरायला भातशेतीकडे निघतो आणि अंधारातही त्यांची शीळ ऐकून कळतं. उडताना मान किंचित खाली लोंबते. शेपटीच्या मुळाशी तांबूस रंग आहे ना, तेवढं बघ. तिथे पांढुरका पट्टा दिसला तर ती मोठी अडई, म्हणजे वेगळी जात, मग मला लगेच फोन कर!

घरटं फक्त पाण्यात शोधू नकोस. पावसाळ्यात ती झाडाच्या ढोलीतही अंडी घालते, दोघंही आळीपाळीने उबवतात. पिल्लं तिथून थेट खाली उड्या टाकतात. फोटोसाठी दगड मारून थवा उठवणाऱ्यांबरोबर मात्र जाऊ नकोस. मी एकदा गेलो होतो, अजून लाज वाटते.