लग्नाच्या ठरलेल्या चाकोरीला ठाम 'नाही' म्हणणाऱ्या स्त्रीवरचा एखादा इटालियन सिनेमा सुचवाल का?

एकच नाव सांगायचं तर 'ला मोल्ये प्यू बेल्ला'. 1970 चा सिनेमा, दिग्दर्शक दामियानो दामियानी, संगीत एन्न्यो मोरिकोने. नावाचा अर्थ 'सगळ्यात सुंदर बायको'.

सिसिलीतल्या माफियातला व्हितो नावाचा तरणाबांड पोरगा. गरीब घरातली शीलवान मुलगी कर, असा सल्ला त्याला वरच्या माणसाकडून मिळतो आणि तो फ्रान्चेस्काला पसंत करतो. तीही आधी त्याच्यावर भाळते. मग त्याचा माज दिसायला लागतो आणि ती मागे फिरते. तो तिला पळवून नेतो, बलात्कार करतो. आता ही आपल्याशिवाय जाणार कुठे, अशी त्याची खात्री असते. ती जाते पोलिसांकडे.

ही गोष्ट फ्रांका व्हिओलाच्या खऱ्या आयुष्यावरून घेतली आहे, आणि ती माहीत असेल तर सिनेमा वेगळाच दिसतो. फ्रांका सिसिलीतल्या अल्कामो गावची, शेतकऱ्याची मुलगी. पंधराव्या वर्षी घरच्यांच्या संमतीने फिलिप्पो मेलोदियाशी तिचं लग्न ठरलं होतं. त्याला अटक झाल्यावर वडिलांनी, बेर्नार्दो व्हिओलांनी, ते मोडलं. त्याची किंमत त्यांनी मोजली: द्राक्षमळ्याची नासधूस झाली, धान्याचं कोठार जाळलं गेलं. 26 डिसेंबर 1965 ला मेलोदिया डझनभर साथीदार घेऊन घरात घुसला आणि सतरा वर्षांच्या फ्रांकाला उचलून घेऊन गेला. बहिणीला सोडेना म्हणून आठ वर्षांच्या भावालाही नेलं. त्याला नंतर सोडून दिलं.

तेव्हाच्या इटालियन दंडसंहितेत 544 वं कलम होतं. बलात्कार करणाऱ्याने त्याच मुलीशी लग्न केलं की गुन्हा संपला. शिक्षा झालेली असली तरी ती थांबायची, आणि त्या गुन्ह्यातले साथीदारही सुटायचे. या लग्नाला तिथे म्हणत 'मात्रिमोनिओ रिपाराटोरे', म्हणजे दुरुस्तीचं लग्न. मोडलेली वस्तू दुरुस्त करावी तसं.

मला सगळ्यात जास्त आठवते ती पुढची गोष्ट. आठवड्याभरानंतर मेलोदियाच्या माणसांनी फ्रांकाच्या आईवडिलांना निरोप धाडला, 'पाचाता' करू या. पाचाता म्हणजे दोन घरांनी समोरासमोर बसून समेट करायचा आणि लग्नाला होकार द्यायचा. आपल्याकडची बैठकच ती. बेर्नार्दोंनी पोलिसांशी आधी बोलून ठेवलं, मग सगळं मान्य असल्यासारखं दाखवलं. 2 जानेवारी 1966 ला पोलिसांनी फ्रांकाला सोडवलं. खटला त्रापानीला चालला. बचाव पक्षाचं म्हणणं होतं की मुलगी राजीखुशीने गेली, ही 'फुइतिना' होती. घरचे लग्नाला तयार नसले की प्रेमी जोडपी पळून जायची, त्याला तिकडे फुइतिना म्हणतात. कोर्टाने ते मानलं नाही. मेलोदियाला 11 वर्षांची शिक्षा झाली, अपिलात ती 10 वर्षं झाली.

सिनेमात मात्र हा बाप नाही. फ्रान्चेस्काचे आईवडील दहशतीने गारठलेले आहेत, पोर जवळजवळ एकटीच उभी राहते. दामियानींनी हा बदल का केला ते समजतं. एकटेपणाने पडद्यावर धार येते. पण मला बेर्नार्दोंची उणीव फार जाणवते, आणि त्याला कारण आहे. मी सातवीत असताना आजोळी एका मुलीचं असंच 'प्रकरण मिटवलं' होतं. हाच शब्द वापरायचे सगळे. तिच्या लग्नात मी पंगतीला बसून जिलेबी खाल्ली आहे. तिच्या हातातला हिरवा चुडा कोपरापर्यंत होता आणि पूर्ण वेळ ती त्याच्याकडेच बघत होती. तिचे वडील वाढप करत फिरत होते. त्या दिवशी मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, याचं आजही वाईट वाटतं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. फ्रान्चेस्काचं काम करणाऱ्या ओर्नेल्ला मुतीचा हा पहिला सिनेमा, आणि चित्रीकरणाच्या वेळी ती जेमतेम 14 वर्षांची होती. तिचा चेहरा, विशेषतः नकार देतानाचे तिचे न हलणारे डोळे, विसरता येत नाहीत. पण मुलीच्या संमतीवरच्या सिनेमात इतक्या लहान मुलीकडून असे प्रसंग करून घेतले, हे मला पटलेलं नाही.

फ्रांकाने 1968 मध्ये लहानपणापासून ओळखीच्या ज्युसेप्पे रुइझीशी लग्न केलं. 'आता हिला कोण करणार' म्हणणाऱ्या त्याच अल्कामो गावात. 544 वं कलम मात्र रद्द व्हायला 1981 उजाडलं, म्हणजे सिनेमा येऊन गेल्यावरही 11 वर्षं.

इतकं जड नको असेल तर पाओला कोर्तेल्लेझीचा 2023 चा 'चे आंकोरा दोमानी' बघा. कृष्णधवल आहे, 1946 चं रोम. नवऱ्याचा मार खाणारी देलिया, आणि चांगलं स्थळ मिळालं म्हणून हरखलेली तिची मुलगी. होणारा जावई मुलीचं लिपस्टिक पुसायला लावतो, तो प्रसंग देलिया लांबून बघते. तिथे नीट लक्ष द्या. कथानक मात्र आधी वाचू नका. देलियाला आलेलं पत्र कसलं आहे, हे सिनेमातच कळू द्या.