वाचक विचारतात : देव सांगतो म्हणजे कोण सांगतं?

प्रश्न : देव माणसाला हळूहळू सन्मार्गाला लावतो, असं कीर्तनात ऐकतो. मग शिवाशीव शेकडो वर्षं देवाच्याच नावावर कशी टिकली?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : याचा दाखला तुमच्या घरापासून फार लांब नाही. १८९९ मध्ये कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज कार्तिकस्नानाला पंचगंगेवर गेले, तेव्हा पुरोहिताने वेदोक्त (वेदांतले, फक्त द्विजांसाठी मानलेले) मंत्र न म्हणता शूद्रांसाठीचे पुराणोक्त मंत्र म्हटले. का, तर छत्रपती असले तरी शूद्र. पुरोहिताला हीच धर्माची आज्ञा वाटत होती, आणि महाराजही काही नास्तिक नव्हते. नदी तीच, देवही तेच. तेव्हा ‘देवाची आज्ञा आहे’ एवढ्यावर कोणाचंच खरं ठरत नाही.

वेदोक्ताचा हक्क आपल्या घराण्यापुरता मिळवून महाराज थांबले असते, तर ते मानापमानाचं भांडणच राहिलं असतं. पण २६ जुलै १९०२ ला त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांतल्या रिकाम्या होणाऱ्या ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या. १९१९ मध्ये सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने इथे विटाळ पाळायला मनाई केली. १९२० च्या मार्चमध्ये अस्पृश्यांच्या माणगाव परिषदेला स्वतः हजर राहून ‘तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला’ अशा अर्थाने आंबेडकरांकडे बोट दाखवलं. स्वतःला ठेच लागली, तेव्हा दुसऱ्याच्या पायाची ठेचही कळली.

ही बुद्धी देवाने दिली की माणसाला आपली आपणच झाली, याचा निवाडा होणार नाही. पण आपल्या परंपरेतला देव हात धरून चालवत नाही, हे नक्की. गीतेच्या अठराव्या अध्यायात (श्लोक ६३) सगळं सांगून झाल्यावर कृष्ण अर्जुनाला म्हणतो, याचा पुरता विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. निर्णय अर्जुनाच्याच गळ्यात. म्हणून कोणी ‘देवाची इच्छा’ सांगू लागलं, की दोन गोष्टी विचाराव्यात : याची झळ कोणाला बसणार, आणि सांगणाऱ्याच्या पदरात काय पडणार? शिवाशीव या दोन्ही प्रश्नांना उभी राहत नाही. ती टिकली, कारण शेकडो वर्षं हे विचारणाऱ्याला देवळाच्या पायरीवरही जागा नव्हती.

प्रश्न : वडिलांच्या मागे आम्ही दोघे भाऊ आणि एक बहीण. थोरला म्हणतो, जमिनीचं कौल लावून ठरवू, देव सांगेल ते मान्य. हे बरोबर आहे का?
– एक वाचक, चंदगड

उत्तर : अर्धं बरोबर आहे. कौल म्हणजे मूर्तीच्या उजव्या-डाव्या अंगाला ओले तांदूळ किंवा कळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवा आधी पडला तर होकार. आता जवळून बघा : तांदूळ धरून ठेवतं ते पाणी. ज्या बाजूला वारा किंवा समईची धग जास्त, तिथलं पाणी आधी सुकतं. शिवाय कौल मनासारखा पडला नाही की ‘देव रुसला’ म्हणून पुन्हा लावतात. दोन्ही बाजू सारख्या धरल्या, तरी तीनदा लावल्यावर निदान एकदा उजवा पडण्याची शक्यता आठात सात! पण सगळ्यात मोठी गडबड गाऱ्हाण्यातच होते. ‘बहिणीला वाटा द्यावा का’ हे विचारलं, की तिचा हक्क आधीच पणाला लागला.

तो पणाला लावता येत नाही. २००५ च्या दुरुस्तीनंतर एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, आणि वडील त्याआधी वारले असले तरी तो जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. तिला सोडायचाच असेल, तर स्वखुशीने, नोंदणी केलेल्या हक्कसोडपत्राने. राखीच्या साडीवर नव्हे.

तेव्हा क्रम असा ठेवा. सातबारा आणि फेरफार काढा, सगळे वारस लागलेत का बघा. मग विहीर, बांधावरची झाडं, गाडीवाट, उसाला पाणी कुठून येतं, हे सगळं धरून किंमतीने तीन सारखे तुकडे पाडा. नुसते गुंठे मोजले तर पाण्याकडचा माणूस जिंकतो. ज्याने तुकडे पाडले त्याने शेवटी उचलायचं, म्हणजे तो आपोआप नीट पाडतो. बाकीच्या दोघांत आधी कोणी उचलायचं, एवढ्यासाठी खुशाल देवासमोर चिठ्ठ्या टाका. तिथे तिघांचा हक्क सारखाच असल्याने देवाला कोणावर अन्याय करायला लागत नाही. ठरलं की संमतीने तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटणीचा अर्ज द्या.

प्रश्न : देवाची भीती गेली तर माणूस मोकाट सुटणार नाही का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : दानपेटी देवाच्या डोळ्यांदेखत असते, तरी तिला कुलूप लावावं लागतं आणि पैसे चार जणांसमोर मोजावे लागतात. भीतीवर फार विसंबू नका. मुलांना ‘देव बघतोय’ सांगण्यापेक्षा, ज्याची वस्तू उचलली त्याच्याकडे स्वतः जाऊन परत द्यायला लावा.