मास्तरांना विचारा : सेनापती संरक्षणमंत्री होतो तेव्हा

प्रश्न : आमच्या कराडचे यशवंतराव चव्हाण कधी सैन्यात नव्हते, तरी १९६२ च्या पडझडीनंतर त्यांनी संरक्षण खातं सावरलं. मग ज्याची सगळी हयात फौजेत गेली असा जनरल त्या खुर्चीवर बसला तर काम आणखी चांगलं होईल ना? एखादं खरं उदाहरण द्याल का?
– एक माजी सैनिक, कराड

उत्तर : उदाहरण देतो, पण ते तुमच्या मनासारखं निघेल याची हमी नाही.

सोव्हिएत रशियाचा मार्शल गिऑर्गी झुकोव्ह. जन्म १८९६ चा, कलुगा प्रांतातल्या स्त्रेल्कोव्का खेड्यातला. बाप जोडे शिवायचा. पोराला मॉस्कोत मामाच्या फरच्या दुकानात कामाला लावलं. १९१५ साली झारच्या घोडदळात गेला, क्रांतीनंतर लाल सैन्यात. पुढच्या लढाया : खाल्खिन गोल, लेनिनग्राड, मॉस्को, स्टालिनग्राड, कुर्स्क, बर्लिन. ही नावं तुमच्यासारख्याला मी काय सांगणार! मे १९४५ मध्ये जर्मनीच्या शरणागतीच्या कागदावर सोव्हिएत सेनेतर्फे सही केली ती यानेच, आणि जूनमध्ये विजयसंचलनाची मानवंदना घेतली तीही यानेच, पांढऱ्या घोड्यावर बसून.

वर्षभरात स्टालिनने त्याला ओडेसाला धाडलं, मग उरलमध्ये. घराची झडती झाली, जर्मनीतून आणलेल्या गालिच्यांच्या आणि फरच्या याद्या झाल्या. (लूट केली नव्हती असं मी म्हणणार नाही. पण ती एकट्याने केली नव्हती.) मार्च १९५३ मध्ये स्टालिन गेला, झुकोव्ह संरक्षण खात्यात उपमंत्री झाला. जूनमध्ये गुप्त पोलिसांचा प्रमुख बेरिया याला क्रेमलिनमध्ये पकडायचं ठरलं, तेव्हा ते काम ज्या लष्करी अधिकाऱ्यांवर सोपवलं त्यांत झुकोव्ह होता. फेब्रुवारी १९५५ मध्ये तो संरक्षणमंत्री झाला.

आता तुमचा खरा मुद्दा : शिपायाचं दुःख शिपायालाच कळतं. काही बाबतींत पटतं. जर्मनांच्या कैदेतून जिवंत परत आलेल्या हजारो सैनिकांना मायदेशात गद्दार ठरवून छळलं गेलं होतं. त्यांच्यावरचा डाग पुसावा म्हणून १९५६ मध्ये झुकोव्हने जोर लावला. याच माणसाच्या देखरेखीखाली सप्टेंबर १९५४ मध्ये, तो उपमंत्री असताना, तोत्स्कोयेच्या मैदानावर खरा अणुबॉम्ब टाकला गेला आणि त्यानंतर काही तासांत सुमारे ४५,००० जवानांचा सराव त्याच परिसरात झाला. कारण एकच, अणुयुद्धात फौज कशी लढेल ते बघायचं होतं. सैनिकाला जपणारा आणि सैनिकाला खर्ची घालणारा, दोन्ही एकाच कातडीत. युद्धातही तो असाच होता.

पण त्याला नडलं ते वेगळंच. जून १९५७ मध्ये मोलोतोव्ह, मालेन्कोव्ह, कागानोविच या जुन्या नेत्यांनी पक्षप्रमुख ख्रुश्चेव्हला उखडायचा घाट घातला. पक्षाच्या वरच्या समितीत बहुमतही त्यांचंच. ख्रुश्चेव्ह म्हणाला, फैसला केंद्रीय समिती करेल. पण सदस्य पार दूरदूरच्या प्रांतांत! झुकोव्हने लष्करी विमानं धाडून त्यांना मॉस्कोत आणलं, आणि भर सभेत विरोधकांच्या सह्यांचे स्टालिनच्या काळातले मृत्युदंडाचे कागद वाचून दाखवले. ख्रुश्चेव्ह वाचला. झुकोव्हला बक्षीस म्हणून त्या वरच्या समितीत पूर्ण सदस्यत्व मिळालं.

ज्याने विमानं पाठवून आपली गादी वाचवली तो उद्या दुसऱ्यासाठीही पाठवेल, हे ख्रुश्चेव्हला कळलं नसतं तरच नवल. शिवाय झुकोव्ह सैन्यातल्या पक्षाच्या राजकीय अधिकाऱ्यांचे पंख छाटत होता. फौजी खूश, पक्ष धास्तावलेला. ऑक्टोबरमध्ये त्याला युगोस्लाव्हिया आणि अल्बानियाच्या दौऱ्यावर पाठवलं, तेही क्रूझरवरून. इकडे जग स्पुटनिककडे मान वर करून बघत होतं, तिकडे मॉस्कोत त्याच्या पाठीमागे बैठका चालल्या होत्या. २६ ऑक्टोबरला तो परतला तो थेट बैठकीतच, आणि त्याच दिवशी मंत्रिपद गेलं. आरोप : व्यक्तिपूजा माजवली, पक्षाला न विचारता घातपाती पथकांची शाळा काढली. विरोधात बोलणाऱ्यांत कोनेव्ह होता, रोकोसोव्स्की होता, सगळे जुने साथीदार. त्याच वर्षाच्या सुरुवातीला हा मंत्री भारतात सन्मानाने फिरून गेला होता.

तो खरंच सत्ता बळकावणार होता का? माझं मत विचाराल तर नाही. कट शिजवणारा माणूस राजधानी सोडून तीन आठवडे परदेशात काढत नाही. त्याला रणांगण वाचता येत होतं, बैठकीतले चेहरे वाचता येत नव्हते. यशवंतरावांना नेमकं तेच येत होतं, म्हणून तुलना केली.

जाता जाता एक गंमत. १९६९ मध्ये झुकोव्हचं आत्मचरित्र छापायला परवानगी मिळाली, पण त्यात एक वाक्य घुसवावं लागलं : युद्धात आपल्याला एका आघाडीवर कर्नल ब्रेझनेव्ह यांचा सल्ला घ्यायचा होता, पण ते तेव्हा तिथे नव्हते! अख्ख्या सोव्हिएत सेनेचा उपसेनापती एका कर्नलचा सल्ला घ्यायला निघालेला. ब्रेझनेव्ह तेव्हा पक्षाचे सर्वेसर्वा होते, हे वेगळं सांगायला नको.

प्रश्न : अमेरिकेत निवृत्त जनरलला लगेच संरक्षणमंत्री होता येत नाही म्हणतात. खरं का? आणि आपल्याकडे?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : खरं आहे. १९४७ च्या कायद्याने निवृत्तीनंतर दहा वर्षं थांबायची अट घातली, २००८ मध्ये ती सातवर आली, आणि २०२१ च्या अखेरीस जनरलांसाठी पुन्हा दहावर गेली. पण अट मोडायला तिथली संसद, म्हणजे काँग्रेस, मोकळी आहे. १९५० मध्ये कोरियाचं युद्ध पेटलं तेव्हा जॉर्ज मार्शलसाठी खास सूट दिली, २०१७ मध्ये मॅटिससाठी, २०२१ मध्ये ऑस्टिनसाठी. आपल्याकडे अशी अट नाही, खासदार असलं किंवा सहा महिन्यांत झालं की पुरे. तरी जनरल कुणी त्या पदावर आलेला नाही. जसवंत सिंह फौजेत मेजर होते, ते २००१ मध्ये काही महिने हे खातं सांभाळत होते. आणि तो अमेरिकेचा जॉर्ज मार्शल वर्षभरातच राजीनामा देऊन मोकळा झाला, आणि १९५३ मध्ये त्याला नोबेल मिळालं ते शांततेचं.