जुआंव घेऊ की चंद्रगुप्त?

प्रश्न: आम्ही फोंड्याचे चौघे शनिवारी रात्री सिव्हिलायझेशन ६ हा साम्राज्य उभारायचा कॉम्प्युटर गेम खेळतो. मी गोंयकार म्हणून हौसेने पोर्तुगालचा जुआंव तिसरा घेतो आणि दरवेळी मीच पहिला मरतो, लीडर बदलू का?

उत्तर: अरे बाबा, आधी मॅप कुठला लावता ते बघ ना! पोर्तुगालचे परदेशी ट्रेड रूट फक्त किनाऱ्यावरच्या नाहीतर हार्बर असलेल्या शहरांनाच जातात, बदल्यात कमाई ५० टक्के जास्त आणि नवीन सिव्ह (म्हणजे दुसऱ्या खेळाडूचं राष्ट्र) भेटली की एक रूट वाढतो, म्हणजे बेटांच्या मॅपवर तू शेठ आणि पँजियावर (सगळी जमीन एकसंध असलेल्या मॅपवर) नुसता बघत बसणार. त्यात समोर कॉम्प्युटर नाही, मित्र आहेत, एकाने युद्ध पुकारलं की त्याच्याकडचे रूट तिथल्या तिथे बंद. (खरा जुआंव १५२१ ते १५५७ गादीवर होता, गोव्यात कधी आलाच नाही, लिस्बनला बसून हुकूम सोडायचा.)

जमिनीचा मॅप आणि शेजारी चिकटून असेल तर भारताचा चंद्रगुप्त घे. मिलिटरी ट्रेनिंग ही सिव्हिक (गेममधली प्रगतीची पायरी) झाली की विस्ताराचं युद्ध पुकारता येतं, पहिले १० टर्न सैन्याची चाल २ ने आणि ताकद ५ ने वाढते. वरू हत्ती (भारताची खास लढाऊ तुकडी) तयार ठेवूनच पुकार, नाहीतर ते १० टर्न फुकट जातात.