चालता चालता वाळणारी साडी

सातारा

चि. मुलीस, अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले वारीचे 280 फोटो दोनदा पाहिले. आधी लॅपटॉपवर आणि मग त्यातले 40 लॅबमधून पोस्टकार्ड आकारात काढून आणले, ते फरशीवर मांडून. म्हणून उत्तराला उशीर झाला.

सगळ्यात जास्त खटकलं ते आधी लिहितो. परवा फोनवर तू म्हणालीस, सासवडच्या पुढे दोन बायका ओली साडी वाळवत चालल्या होत्या. एकीच्या हातात एक टोक, दुसरीच्या हातात दुसरं, मधे वाऱ्यानं फुगलेलं नऊवार, आणि दोघींच्या तोंडी अभंग. वारा फिरला की त्या आपापली बाजू बदलत होत्या, हेसुद्धा तू सांगितलंस. मला ते लख्ख दिसलं. 280 फोटोंत ती साडी कुठेच नाही. दिवे घाटातल्या वळणाचे मात्र 90 आहेत.

असं का झालं, याचा विचार कर. तू डोळ्यांनी चांगली बघतेस, याबद्दल मला शंका नाही. पण वारीचा फोटो कसा असतो हे निघायच्या आधीच तुझ्या मनात पक्कं होतं: घाट, पताकांची रांग, डोक्यावर तुळस घेतलेली आजी, सुरकुत्यांचा चेहरा. साडी त्या यादीत नव्हती, म्हणून हात कॅमेऱ्याकडे गेला नाही. मीही वर्तमानपत्रासाठी कितीतरी आषाढ असेच घालवले. घाटाचा फोटो पहिल्या पानावर लागायचा, आणि लागला की काम झालं असं मला वाटायचं. आज ते फोटो शेजारी ठेवले तर कुठला कोणत्या वर्षीचा ते मला सांगता येत नाही.

म्हणून एक सवय लाव. रात्री मुक्कामाला पोचलीस की फोटो उघडायच्या आधी वहीत दिवसभरात पाहिलेल्या पाच गोष्टी लिही. आईला फोनवर सांगशील तशा, साध्या शब्दांत. मग फोटो उघड आणि त्या पाचांपैकी किती सापडतात ते बघ. सुरुवातीला एखादीच सापडेल. जी सापडली नाही तिच्यापुढे कारण लिही: लाजलीस, उशीर झाला, लेन्स चुकीची होती, की फोटो काढण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही. शेवटचं कारण वारंवार आलं, तर अडचण कुठे आहे ते तुला कळेल.

आता हाताच्या कामाचं. तुझ्या बऱ्याच फोटोंत धोतरं आणि टोप्या राखाडी पडल्या आहेत. समोर जे आहे ते सरासरीनं मधल्या करड्या रंगाचं आहे असं कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर धरून चालतो. शंभर पांढरे सदरे एकदम समोर आले की त्याला उजेड जास्त झाल्यासारखा वाटतो आणि तो फोटो काळवंडवतो. अशा वेळी उजेड एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, वाढव, कधी दीड स्टॉप. मागे ढगाळ, पांढरं आभाळ असलं तरी हेच होतं आणि चेहरे काळे पडतात. तिथे मीटर चेहऱ्यावर घे, आभाळ गेलं तर जाऊ दे. मात्र ऊन पडलं की टोपीवर लक्ष ठेव. पांढऱ्यातला तपशील एकदा पूर्ण जळला की तो परत येत नाही, रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढलेलं असलं तरी. पावली खेळणारे टाळकरी तू 1/60 सेकंदाच्या शटरवर घेतलेस, म्हणून हलले. 1/500 ठेव, रिंगणातल्या अश्वाला 1/1000. ढगाळ दिवसात त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, वाढवावा लागला तर वाढव. फोटोत थोडे दाणे आलेले चालतात, हललेले डोळे चालत नाहीत.

लांबचं जवळ आणणारी 70-200 मिमीची झूम लेन्स पुढच्या वेळी घरी ठेव. तिनं तुला लांब उभं राहायची सोय करून दिली, आणि ते लांबपण प्रत्येक फोटोत दिसतंय. 35 मिमीची एकच लेन्स घे, तिच्यात झूम नाही. मग माणसाच्या दोन हातांवर जावंच लागतं, आणि तिथवर गेल्यावर न बोलता उभं राहता येत नाही. वारीत ओळख लागत नाही, ‘माउली’ म्हटलं की बोलणं सुरू होतं. एक दिवस पूर्ण एकाच दिंडीबरोबर चाल. दुपारच्या विसाव्यापर्यंत कॅमेरा पिशवीतच राहू दे. विसाव्याला त्यांच्या पंगतीत बस. त्यानंतर तू कॅमेरा काढलास तरी कुणी पदर सावरणार नाही, कुणी छाती काढून उभं राहणार नाही.

उंचीचाही विचार कर. तुझा प्रत्येक फोटो तुझ्या डोळ्यांच्या उंचीवरून आहे. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांच्याकडे रॉलिफ्लेक्स हा फिल्मचा कॅमेरा होता. तो पोटाशी धरून, वरून आत बघत फोटो काढायचा असतो. नजर खालून जाते, म्हणून समोरचं माणूस उंच आणि ठाम दिसतं. शिवाय चेहऱ्यापुढे यंत्र येत नाही. तुझ्या कॅमेऱ्याची स्क्रीन बाहेर ओढता येते, तीच युक्ती कर. रॉलिफ्लेक्सच्या एका रोलवर 12 फोटो यायचे, हेही लक्षात ठेव. तू घाटात अर्ध्या तासात 90 काढलेस.

पार्श्वभूमी तू बघतच नाहीस. वीणेकऱ्याचा तो सुंदर फोटो, जवळजवळ जमलेला, त्याच्या डोक्यामागे स्वागताचा फ्लेक्स आलाय. डावीकडे दोन पावलं गेली असतीस, किंवा खाली बसली असतीस, तर मागे फक्त आभाळ राहिलं असतं. गर्दीत माणसामागे धावू नकोस. आधी जागा शोध: एखादी रंग उडालेली भिंत, वाड्याचा दरवाजा, पावसाचं डबकं. तिथे अर्धा तास उभी राहा. वारी चालतीच आहे, माणसं तुझ्यापर्यंत येतील.

एक जुनी गोष्ट सांगतो. रोलचे दिवस होते, एका रोलवर 36 फ्रेम. तरडगावच्या अलीकडे चांदोबाचा लिंब इथे उभं रिंगण होतं, तिथे मी अश्वाच्या मागे लागून सगळा रोल संपवला. रिंगण सुटलं, आम्ही सगळे फोटोग्राफर जीपकडे निघालो. मागे वळून पाहिलं तर एक म्हातारे गृहस्थ वाकून अश्वाच्या टापांखालची माती चिमटीत घेत होते. थोडी त्यांनी स्वतःच्या कपाळाला लावली. मग खिशातून कागदाची पुडी काढली आणि उरलेली माती तिच्यात बांधली, घरी कुणासाठी तरी. माझ्याकडे एकही फ्रेम उरली नव्हती. त्या पुडीचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून शेवटच्या सहा फ्रेम राखून ठेवायचो आणि सगळे निघून गेल्यावर वीस मिनिटं तिथेच थांबायचो. तुझ्या कार्डात जागा भरपूर आहे, पण ती वीस मिनिटं तुलाही द्यावी लागतील.

पहाटे टँकरपाशी, नळापाशी बायका उघड्यावर अंघोळी करतात. तसे चार फोटो तुझ्या फोल्डरमध्ये आहेत. प्रकाश सुरेख आहे, मला दिसलं. ते चारही आजच पुसून टाक. त्यांना आडोसा मिळाला नव्हता, आणि आपण त्याचा फायदा घ्यायचा नसतो. यावर मला चर्चा नको.

आषाढाला अजून अवकाश आहे, तोवर वारीची वाट बघत बसू नकोस. छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांवर केलेलं काम शोधून, नीट वेळ काढून बघ. ते एका फेरीत होणारं काम नव्हे, पुन्हा पुन्हा त्याच माणसांकडे गेल्याशिवाय तशी जवळीक फोटोत उतरत नाही. तुझ्या गावचा आठवडी बाजार आहे. त्यातलं एकच पाल धर, बांगड्यांचं, मिरचीचं, कुठलंही. दहा आठवडे त्याच पालावर जा आणि दर खेपेला 36 च फोटो काढ. तिसऱ्या आठवड्यात कंटाळा येईल, आता इथे काही उरलं नाही असं वाटेल. तेव्हा जायचं थांबवू नकोस. पाचव्या-सहाव्या आठवड्यात त्या बाई तुला गल्ल्यावर बसवून चहा आणायला जातील, आणि त्या जागेवरून बाजार कसा दिसतो ते तुला कळेल. गेल्या खेपेचे फोटो त्यांना नेऊन द्यायला विसरू नकोस.

तुझ्या 280 मधले 6 मी बाजूला काढलेत. त्यातला एक मला फार आवडला: राहुटीच्या दोरीवर टांगलेले टाळ आणि खाली झोपलेला मुलगा, त्याचा एक पाय चादरीबाहेर. तो तुला तुझ्या यादीत सापडला नसणार. कसा काढलास, आधी काय झालं होतं, थांबली होतीस की जाता जाता दिसला, हे मला सविस्तर लिहून कळव.

दहा आठवडे झाले की 20 प्रिंट घेऊन ये. मोबाइलवर दाखवू नकोस, फरशीवर मांडायचे आहेत. प्रत्येकाच्या मागे तारीख आणि वहीतली ती ओळ लिही, पण शिसपेन्सिलीनं आणि हलक्या हातानं. बॉलपेननं लिहिलंस तर अक्षरं पुढच्या बाजूला उमटतात.

तुझा,
काका